चरे कोण पाडतं? वॉटसन १०० बल्क लोडरची पारख

३५ मिमीची फिल्म ३०.५ मीटरच्या डब्यात घेऊन घरच्या घरी कॅसेट भरायच्या तर बल्क लोडर लागतो. कुठला लोडर घ्यावा हा प्रश्न शेवटी एकाच मुद्द्यावर येऊन थांबतो: फिल्मवर चरे पडतात की नाही. काउंटर चुकला तर एखादी फ्रेम कमी-जास्त होईल. हँडल सैल असलं तर जपून फिरवता येतं. पण लोडरच्या फटीत वाळूचा एक कण अडकला तर त्या डब्यातून निघणारे सगळे अठरा रोल त्याच जागी, त्याच रेघेने चिरले जातात. ते कळतं कधी, तर पहिला रोल धुऊन वाळल्यावर. तोवर आणखी सात-आठ कॅसेट भरून ठेवलेल्या असतात.

म्हणून वॉटसन मॉडेल १०० या जुन्या अमेरिकन लोडरची ही पारख चऱ्यांच्याच अंगाने केली आहे. निकाल आधीच सांगून टाकतो: लोडर उत्तम आहे, मिळाला तर घ्यावा. त्याच्या माथी मारले जाणारे बहुतेक चरे त्याने पाडलेलेच नसतात. ते कुणी पाडले हे शोधायची रीतही इथे दिली आहे, कारण ती माहीत नसेल तर चांगला लोडर विकून टाकून चरे तसेच राहतात.

लोडरचं काम दिसायला साधं असतं. एका मोठ्या बंद कप्प्यात फिल्मचा मोठा रोल, शेजारच्या लहान कप्प्यात रिकामी कॅसेट, आणि दोहोंच्या मधून फिल्म जाईल पण उजेड जाणार नाही अशी एक फट. सगळी मेख या फटीत आहे. लॉइड पद्धतीच्या लोडरमध्ये या फटीला दोन्ही बाजूंनी मखमल लावलेली असते आणि फिल्म कायम तिच्यातून घासत जाते. मखमल नवी आणि स्वच्छ असेपर्यंत काहीच बिघडत नाही. पण मखमलीचा धर्मच धूळ धरून ठेवण्याचा. एकदा कण आत रुतला की तो बाहेर पडत नाही आणि अख्खी ३० मीटर फिल्म त्याच्यावरून ओढली जाते.

वॉटसनमध्ये ही फट उघडता-मिटता येते. लहान कप्प्याचं झाकण बंद केल्यावर गेट उघडायचं, मग फिल्म मोकळ्या जागेतून जाते, तिला काही घासत नाही. भरून झालं की आधी गेट मिटायचं, मगच झाकण काढायचं. कल्पना एवढीच, पण हा लोडर घ्यावा तो याच एका गोष्टीसाठी.

याची किंमत शिस्तीच्या रूपात मोजावी लागते. गेट उघडायला विसरून हँडल फिरवलं तर फिल्म मिटलेल्या फटीतून रेटली जाते आणि रोलभर लांब चरे पडतात. हँडल नेहमीपेक्षा जड लागलं तर तिथेच हात थांबवा. उलट गेट मिटायला विसरून झाकण काढलं तर चरे नाहीत, पण मोठ्या रोलचे वरचे कितीतरी वेढे उजेड लागून वाया जातात. ज्यांना अशा गोष्टी विसरायची सवय आहे त्यांनी लॉइड पद्धतीचा लोडर घ्यावा, त्यात विसरण्यासारखं काही नाही. वॉटसनच्या झाकणावर पांढऱ्या टेपचा तुकडा लावून त्यावर ‘गेट?’ एवढंच लिहून ठेवलेलं बरं.

भरायची पद्धत थोडक्यात अशी. पूर्ण अंधारात किंवा चेंजिंग बॅगेत (हात घालून काम करायच्या, उजेड न शिरणाऱ्या पिशवीत) रोल मोठ्या कप्प्यात ठेवा, टोक गेटमधून आठ-दहा सेंटीमीटर बाहेर काढा, गेट मिटा, झाकण लावून सांध्यावर काळी टेप फिरवा. पुढचं सगळं उजेडात चालतं. टोक सरळ कापून कॅसेटच्या स्पूलला टेपने चिकटवा, वर कॅसेटची नळी आणि टोपी बसवा, कॅसेट लहान कप्प्यात ठेवून झाकण लावा, गेट उघडा आणि सावकाश फिरवा. सेकंदाला एक फेरा पुरे. ३६ फ्रेमसाठी ३८ मिमीच्या हिशोबाने १ मीटर ३७ सेंटीमीटर लागतात, तोंडाकडची पट्टी आणि शेपूट धरून रोल १.६५ मीटरचा होतो. डब्यातून अठरा निघतात ते या मापाने. चिकटवताना शेपटाकडच्या दहा-बारा सेंटीमीटरना उजेड लागतोच, म्हणून शेवटच्या दोन-तीन फ्रेमवर महत्त्वाचं काही टिपू नका.

याच टप्प्यावर पहिला मोठा गुन्हा घडतो आणि त्यात लोडरचा काडीचाही संबंध नसतो. रोल कप्प्यात ठेवताना थोडा उलगडतो, ढिला होतो. मग टोक धरून ओढून तो घट्ट केला जातो. ओढताना प्रत्येक वेढा शेजारच्या वेढ्यावर घसरतो, एकाची पाठ दुसऱ्याच्या इमल्शनवर, म्हणजे चित्र उमटणाऱ्या थरावर घासते आणि मध्ये जी काय बारीक धूळ असेल ती कानशीसारखी काम करते. या चऱ्यांचं रूप वेगळं असतं: अर्ध्या-एक सेंटीमीटरच्या, तुटक, एकमेकींना समांतर अशा पुष्कळ बारीक रेघा, जणू कंगवा टेकवून उचलला. अशा रेघा दिसल्या तर लोडर साफ करत बसू नका, हात सुधारा. ढिला रोल टोक ओढून घट्ट करायचा नाही. तो तसाच हलक्या हाताने ठेवायचा, किंवा मधला गाभा धरून रोल जिकडे आवळतो तिकडे अंधारात हळूच फिरवायचा.

चरा वाचायचा कसा

काहीही उघडण्याआधी निगेटिव्ह हातात घ्या. स्कॅनमध्ये रेघ दिसली म्हणजे फिल्मवर चरा आहे असं नसतं. लॅबचे बरेच स्कॅनर फिल्म एका अरुंद सेन्सर-पट्टीसमोरून सरकवत वाचतात. त्या वाटेत धुळीचा एक कण बसला की फोटोभर सरळ, एकसारखी रेघ उमटते आणि फिल्म मात्र कोरी असते. दहापटीच्या भिंगाखाली निगेटिव्हवर त्या जागी काही दिसलं नाही तर लॅबला पुन्हा स्कॅन करून मागा. प्रकरण तिथेच मिटलं.

फिल्मवर चरा असेल तर पुढचा प्रश्न, कुठल्या बाजूला? गुळगुळीत चकचकीत बाजू म्हणजे बेस, किंचित निस्तेज बाजू म्हणजे इमल्शन. टेबललॅम्पजवळ फिल्म जवळजवळ आडवी धरा आणि हळूहळू तिरकी करत जा. एका विशिष्ट कोनात चरा चमकून उठतो. तो ज्या बाजूने ठसठशीत दिसेल त्या बाजूचा.

ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटवरूनही हे सांगता येतं. बेसवरचा चरा प्रकाश विखरून टाकतो, तेवढा प्रकाश कागदापर्यंत पोचत नाही, म्हणून प्रिंटवर रेघ पांढरी. इमल्शन खरवडून चांदी गेली असेल तर तिथून प्रकाश मोकळा जातो, म्हणून रेघ काळी. यात एक फसवी जागा आहे. डेव्हलप होण्याआधी इमल्शनवर नुसता दाब पडून घसटा बसला, इमल्शन निघालं नाही, तर त्या जागी डेव्हलपरमध्ये जादा चांदी बनू शकते. तेव्हा निगेटिव्हवर काळी आणि प्रिंटवर पांढरी रेघ येते आणि ती बेसवरच्या चऱ्यासारखी भासते. शंका असेल तर बेसच्या बाजूला व्हॅसलीनचं अगदी पुसट बोट लावून भिंगातून पाहा. बेसवरचा चरा भरून निघतो आणि नाहीसा होतो, दुसरा जिथल्या तिथे राहतो. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. बेसवर चरे पडलेली जुनी निगेटिव्ह प्रिंट करतानाही हाच उपाय चालतो. एन्लार्जर (निगेटिव्हवरून प्रिंट काढायचं यंत्र) कंडेन्सरचा, म्हणजे भिंगांनी प्रकाश एकवटणारा असेल तर हे चरे जास्त उठून दिसतात, डिफ्यूजनचा, म्हणजे प्रकाश पसरवणारा असेल तर बरेच लपतात.

रंगीत निगेटिव्ह तर चऱ्याची खोलीही सांगते. तिच्यात वरचा थर पिवळ्या रंगद्रव्याचा, मधला मॅजेंटाचा, बेसलगतचा सायनचा. प्रिंटवर रेघ पिवळी असेल तर फक्त वरचा थर गेला, लालसर असेल तर दोन गेले, काळी असेल तर तिन्ही. रंगीत फिल्मवर स्कॅनरची इन्फ्रारेड सफाई बरंच निभावून नेते. चांदीच्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर ती चालत नाही, कारण चांदी इन्फ्रारेडही अडवते. बल्कमध्ये भरली जाणारी एचपी५, ट्राय-एक्स, फोमापान, केंटमियर ही सगळी फिल्म चांदीचीच. म्हणूनच बल्क भरणाऱ्याला चऱ्याचं मूळ शोधणं भाग पडतं, त्याला स्कॅनरचा आधार नाही.

आता रेघेची चाल पाहा. फिल्मच्या लांबीला समांतर, पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ म्हणजे फिल्म सरकत असताना कण एका जागी बसून होता. कॅमेऱ्यात फिल्म दर ३८ मिमीला थांबते, त्यामुळे फिल्म पुढे जाताना पडलेल्या चऱ्यात पुष्कळदा दर ३८ मिमीला एक बारीक ठिपका, जाडी किंवा किंचित वळसा असतो. भिंगाखाली असे दोन ठिपके मोजपट्टीने मोजा. अंतर बरोबर ३८ भरलं तर कॅमेरा उघडा, लोडरला हात लावू नका. रोल संपल्यावर मागे गुंडाळताना फिल्म सलग जाते, त्या चऱ्यात असे ठिपके नसतात. लोडरमध्ये ती हाताच्या गतीने जाते, तिथले खंड हात जिथे थबकला तिथे, अनियमित अंतरावर येतात. नागमोडी, मध्येच सुटून पुन्हा लागणारी रेघ बहुतेक वेळा ओल्या फिल्मवरची, म्हणजे धुलाईनंतरची.

पट्ट्यांची चाचणी

नुसत्या अंदाजावर न राहता एकदा दोन मीटर फिल्म खर्च करा. एका रोलपेक्षा थोडी जास्त जाईल, पण पुढचे सतरा वाचतील. कल्पना अशी की फिल्मच्या प्रवासातल्या प्रत्येक मुक्कामावर एक पट्टी कापून घ्यायची.

पहिली पट्टी नव्या डब्यातली, लोडरमध्ये घालण्याआधी अंधारात कापलेली वीस सेंटीमीटर. हिच्यावरच रेघ असेल तर पुढचं काहीच करायला नको, डबा बदलून मागा. दुसरी चाळीस सेंटीमीटरची, लोडरच्या उघड्या गेटमधून हाताने ओढून काढलेली. तिसरी लोडरने कॅसेटमध्ये भरलेली, पण टोपी उघडून बाहेर काढलेली, तोंडातून नव्हे. चौथी तशीच भरून कॅसेटच्या तोंडातून तीन वेळा बाहेर-आत केलेली. पाचवी कॅमेऱ्यात घालून बारा फ्रेम पुढे नेऊन मागे गुंडाळलेली, पाठीमागचं दार बंद ठेवून, कारण दार उघडं असेल तर प्रेशर प्लेट (दाराच्या आतली, फिल्म सपाट दाबून धरणारी पट्टी) फिल्मला टेकतच नाही. प्रत्येक पट्टीचे तपकिरी चिकटपट्टीने नंबर घाला.

आणखी एक गोष्ट न चुकता करा. कॅसेटच्या ज्या टोकाला स्पूलची बोंडी बाहेर डोकावते, त्या बाजूच्या कडेला कात्रीने बारीक खाच मारा. या कडेपासून चऱ्याचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजायचं आहे. खाच नसेल तर धुतल्यावर वर कोणतं आणि खाली कोणतं हे सांगता येत नाही आणि सगळी चाचणी वाया जाते.

प्रत्येक पट्टी मधोमध आडवी कापून दोन तुकडे करा. एक तुकडा उजेड दाखवून पुरता डेव्हलप करा: तो गर्द काळा होतो आणि इमल्शनवरचा चरा त्यावर पाटीवरच्या पेन्सिलीसारखा लख्ख दिसतो. दुसरा डेव्हलप न करता फक्त फिक्सरमधून काढा. तो काचेसारखा पारदर्शक होतो. काळ्या कागदावर धरून बाजूने उजेड टाकला की बेसवरचे चरे त्यावर मोजता येतात. दोन्ही नीट धुऊन, न पुसता लोंबकळत वाळवा, नाहीतर नवेच चरे पडायचे.

दुसरी पट्टी कोरी आणि तिसरीवर चरा असं झालं तर कॅसेट. तिसरीपर्यंत कोरं आणि चौथीवर चरा, तरीही कॅसेटच. पाचवीवरच पहिल्यांदा दिसला तर कॅमेरा. पाचही कोऱ्या निघाल्या आणि खऱ्या रोलवर मात्र चरे असतील तर दोषी तुमची धुलाई, वाळवणं किंवा निगेटिव्हच्या बाह्या, म्हणजे ती ठेवायची पाकिटं.

वॉटसनवर ही चाचणी घेतली की दुसरी पट्टी कोरी निघावी, अशीच त्याची रचना आहे. निघाली नाही तर गेट पुरतं उघडत नसेल किंवा गेटच्या धारेवर काही चिकटलं असेल. बॅटरीचा उजेड फटीतून आरपार टाकून पाहा, धारेवरून कापसाची काडी फिरवा. काडीचा धागा जिथे अडकेल तिथे खरवड आहे. धारेवर सँडपेपर घासू नका, त्याने एका खरवडीच्या दहा होतात.

कॅसेट

चऱ्यांचा मोठा वाटा इथला आहे आणि लोडरच्या चर्चेत हाच विषय सर्वांत कमी निघतो. विचार करा, बल्कमधली फिल्म कॅसेटच्या तोंडातून किती वेळा जाते: भरताना आत, फोटो काढताना बाहेर, मागे गुंडाळताना पुन्हा आत. धुण्याआधी रिट्रीव्हरने टोक बाहेर काढून ओढली तर चौथ्यांदा. आणि प्रत्येक वेळी त्या दोन मखमली ओठांमधून. लोडरच्या फटीतली मखमल टाळण्यासाठी वॉटसन घेतला आणि सहाव्यांदा वापरलेली कॅसेट तशीच भरली, तर वॉटसनचा उपयोग काय झाला?

लॅबमधून रिकाम्या कॅसेट आणून, त्यांच्या स्पूलला उरलेल्या दोन सेंटीमीटर शेपटाला नवी फिल्म चिकटवायची पद्धत आपल्याकडे चांगलीच रुळली आहे. फुकटात होतं आणि डीएक्स कोडही (कॅमेऱ्याला फिल्मचा वेग सांगणारी कॅसेटवरची खूण) मिळतो. पण त्या कॅसेटची टोपी उघडत नाही, तिच्या तोंडाच्या आत पाहता येत नाही आणि ती लॅबमध्ये कशी, कुठे पडून होती हे माहीत नसतं. एकदा-दोनदा वापरून टाकून द्याव्या. टोपी उघडणाऱ्या धातूच्या कॅसेट त्याहून पुष्कळ बऱ्या, पण त्याही जन्मभराच्या नाहीत. पाच-सहा भरणीनंतर मखमलीचे केस बसतात, चकाकी येते, तेव्हा निवृत्त करा.

प्रत्येक कॅसेटवर मार्करने नंबर घाला आणि निगेटिव्हच्या बाहीवर तोच नंबर लिहा. चौथ्या रोलवर चरा दिसला, वहीत पाहिलं तर कॅसेट ७, आणि दोन महिन्यांपूर्वीचा चराही कॅसेट ७चाच. शोध पाच मिनिटांत संपतो.

मग खाच मारलेल्या कडेपासूनचं माप कामाला येतं. समजा चरा बोंडीकडच्या कडेपासून १२ मिमीवर आहे. चित्राचा भाग साडेपाचपासून साडेएकोणतीस मिलिमीटरपर्यंत असतो, म्हणजे चरा चित्रातच, बोंडीकडच्या तिसऱ्या हिश्शात. कॅसेटचं तोंड बोंडीकडून १२ मिमी मोजा, तिथे सुईच्या टोकाने मखमलीचे केस भिंगाखाली बाजूला करा. पुष्कळदा केसांच्या बुडाशी एक चमकता, टोकदार कण बसलेला सापडतो, वाळूचा किंवा फिल्मच्याच भोकाच्या कडेचा तुटलेला कपचा. तो चिमट्याने निघतो, फुंकरीने निघत नाही.

मखमल साफ करायची ती मास्किंग टेपच्या चिकट बाजूने, दाबून उचलत, केसांच्या दिशेने. नंतर रबरी ब्लोअर आतून बाहेर. जुन्या टूथब्रशने घासायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नका, ब्रशाचे दात कण वर आणण्याऐवजी बुडाशी ढकलतात. भरलेल्या आणि रिकाम्या दोन्ही कॅसेट झाकणाच्या डबीत ठेवा. पिशवीच्या तळाशी किंवा खिशात सुटी टाकलेली कॅसेट म्हणजे चऱ्याला आमंत्रण, फेब्रुवारी ते मे या धुळीच्या महिन्यांत तर नक्कीच.

कॅमेरा आणि पाणी

कॅमेऱ्याच्या बाबतीत फार बोलण्यासारखं नाही. बेसवर चरा असेल तर प्रेशर प्लेट, इमल्शनवर असेल तर फिल्म-गेटच्या (कॅमेऱ्यातल्या, फिल्मवर उजेड पडू देणाऱ्या चौकटीच्या) कडा आणि गुंडाळणाऱ्या स्पूलचा भाग. जुन्या कॅमेऱ्यांच्या दारावरचा फोम कुजून त्याचे चिकट काळे कण आत गळतात. ते दिसले तर सील बदलल्याशिवाय साफसफाई फुकट. प्रेशर प्लेट अल्कोहोलच्या ओलसर, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा. स्प्रॉकेटच्या (फिल्म ओढणाऱ्या दातेरी चाकाच्या) खाली फाटलेल्या फिल्मचे तुकडे राहिलेत का, ते चिमटा घेऊन पाहा.

पाण्याचा मुद्दा मात्र आपल्या हवेत गंभीर आहे. ओलं जिलेटिन फुगलेलं आणि मऊ असतं, पाणी जितकं कोमट तितकं अधिक. मे महिन्यात टाकीचं पाणी ३० अंशांच्या वर जातं, त्या पाण्यात धुतलेल्या फिल्मवर नखाचा स्पर्शही उमटतो. बर्फ बाहेरून लावून पाणी २४ अंशांच्या खाली आणा. फोमाचं इमल्शन ओलं असताना इलफर्डच्या मानाने नाजूक, त्याला जास्तच जपा. हल्लीचे बहुतेक रॅपिड फिक्सर इमल्शन कडक करत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

बोअरच्या किंवा टाकीच्या पाण्यात बारीक रेती असते. तसलं पाणी अंगावर असताना फिल्मवरून रबरी वायपर किंवा दोन बोटं फिरवली की झालं, एका फटक्यात वरपासून खालपर्यंत चरे. वायपर कपाटात ठेवून द्या. धुण्याच्या नळाला ५ मायक्रॉनचा फिल्टर लावा. शेवटची बुडी डिस्टिल्ड वॉटरची, ६०० मिलीत ३ मिली फोटो-फ्लो (पाण्याचे थेंब न धरता ओघळू देणारं द्रावण), अर्धा मिनिट. मग न पुसता खाली वजनाची क्लिप लावून लोंबकळत ठेवा. पाणी आपसूक ओघळतं आणि डाग राहत नाहीत.

नखाएवढ्या चंद्रकोरीसारखे डाग दिसले तर तो चरा नव्हे. ती फिल्म धातूच्या रीळावर चढवताना मुडपली, तिथे पडलेला वळ आहे.

घ्यावा की नाही

महिन्याला दोन रोल वापरणाऱ्याने बल्कच्या भानगडीत पडू नये, तयार रोल घ्यावेत. फॅक्टरीतून आलेल्या कॅसेटची मखमल नवी असते आणि तिच्यातून फिल्म दोनदाच जाते. आठवड्याला रोल संपवणाऱ्यासाठी वॉटसन आणि डझनभर नव्या, टोपीच्या कॅसेट हा संच योग्य आहे. लोडरवर खर्च करून कॅसेटमध्ये काटकसर करू नका. उलटं केलं तरी एक वेळ चालेल, कारण लोडरशिवायही भरता येतं: अंधाऱ्या खोलीत भिंतीवर १.६ मीटर अंतरावर दोन खुणेचे खिळे, मापून कापायचं, हाताने स्पूलवर गुंडाळायचं. यात कुठलीच फट नाही, शेवटच्या फ्रेमही जात नाहीत. फक्त टोक जमिनीला लागू द्यायचं नाही, आणि ते अंधारात वाटतं तितकं सोपं नाही.

सिनेमाच्या ४०० फुटी, म्हणजे १२२ मीटरच्या डब्यातली फिल्म वॉटसनमध्ये मावत नाही. अंधारात ती ३० मीटरच्या रोलांवर उतरवून घ्यावी लागते आणि वर सांगितलेले कंगव्याचे चरे या उतरवण्यातच सर्वाधिक पडतात. पाठीवर रेमजेट, म्हणजे काजळीसारखा काळा थर असलेली फिल्म असेल तर प्रत्येक डब्यानंतर लोडर आतून पुसा. रेमजेटची भुकटी सुटते आणि पुढच्या फिल्मला लागते.

मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात किंवा ऑनलाइन जुना वॉटसन दिसला तर घेण्याआधी गेट चार-पाच वेळा उघडून-मिटून पाहा. ते न अडकता फिरलं पाहिजे आणि उघडल्यावर फटीतून उजेड सलग दिसला पाहिजे. झाकण लावून लोडर कानाशी हलवा, आत काही खुळखुळलं तर आधी तो कण बाहेर काढा. हँडल स्पूलमध्ये नीट बसतं का, ते आपली स्वतःची कॅसेट नेऊन तपासा. अंगाला तडा असेल तर काळ्या टेपने भागतं, गेटच्या धारेला टवका उडालेला असेल तर घेऊ नका. घरी आल्यावर फिल्मचा अर्धा मीटर तुकडा आत ठेवून लोडर पंधरा मिनिटं उन्हात ठेवा, मग तो तुकडा डेव्हलप करा. कोरा निघाला तर उजेड कुठूनही शिरत नाही.

भरलेला लोडर पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत राहू द्या, गेट मिटलेलं, वर फिल्मचं नाव आणि उरलेले मीटर लिहिलेली चिठ्ठी. फ्रिजमध्ये ठेवत असाल तर बाहेर काढल्यावर डबा तीन-चार तास उघडू नका. थंड फिल्मवर दव धरलं की वेढे एकमेकांना चिकटतात, आणि सुटताना इमल्शनवर जे ओरखडे उठतात त्यांना लोडर, कॅसेट, कॅमेरा यांतलं कुणीच जबाबदार नसतं.